तासभर नळीपाशी

रिपोर्ट पालथा ठेवा. घडी घालून पर्समध्ये लपवू नका, नुसता पालथा करून टेबलावर ठेवा आणि वर चष्म्याचं घर ठेवा, म्हणजे पंख्याने उडणार नाही. पीडीएफ आली असेल तर मोबाईल पालथा ठेवा. त्या आकड्याकडे आपल्याला जायचंच आहे, पण एक तासाने.

मीही माझा पालथा ठेवलाय. तीस वर्षं साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या हातात असे कागद दिले, आणि काल माझा स्वतःचा आला तेव्हा ईएसआरपुढचा 34 हा आकडा ठळक छापलेला पाहून माझ्याही पोटात गोळा आला. कागदावर लिहिलं होतं, स्त्रियांसाठी 0 ते 20. शेजारी इंग्रजी एच. शाळेत उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढलेली दिसावी तसं वाटलं. म्हणजे सगळं माहीत असूनही काही फायदा नाही, हे आधीच कबूल करते.

आता बसा. मांडी घालून जमत असेल तर मांडी, गुडघे ऐकत नसतील तर खुर्ची. ज्या हाताचं रक्त घेतलं तो हात मांडीवर उताणा ठेवा. कोपराच्या खोबणीत अजून बारीकसा ठिपका असेल, कदाचित भोवती निळसर झालं असेल. त्या जागेवर दुसऱ्या हाताचा अंगठा हलकेच टेकवा. तिथूनच ते रक्त बाहेर गेलं. तुम्ही कापूस दाबून जिना उतरलात, चहा प्यायलात, बस पकडलीत. ते मात्र तिथेच राहिलं. त्याच्यामागे आपण आता जाऊ.

तीन झाकणं आठवतात का? जांभळ्या झाकणाची नळी हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला, लाल किंवा पिवळ्या झाकणाची सीआरपीसाठी, आणि एक बारीक, काळ्या झाकणाची. पुष्कळ ठिकाणी आता जांभळ्या नळीतूनच ईएसआर करतात, तर तुम्ही काळं झाकण पाहिलंही नसेल. माझ्या हयातीतली निम्मी सकाळ मात्र त्या काळ्या झाकणाने खाल्ली. त्यात सायट्रेटचं पाणी असतं, चार भाग रक्ताला एक भाग, म्हणजे रक्त गोठत नाही. मग ते एका लांब काचेच्या नळीत चढवायचं. वीतभराहून लांब, दोन्हीकडून उघडी, आतून जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद, आणि अंगावर वरपासून खाली 0 ते 200 अशा खुणा. शून्यावर रक्त आणायचं, नळी स्टँडमध्ये सरळ उभी करायची. अगदी सरळ. दोन-तीन अंश जरी कलली तरी आकडा फुगतो. खिडकीतलं ऊन नको, टेबलाला धक्का नको, शेजारी सेंट्रिफ्यूजची घरघर नको. गजर लावायचा आणि जायचं.

ईएसआर म्हणजे एवढंच. एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. बाकी काही नाही. हे वाक्य एकदा मनाशी म्हणा. ज्या आकड्याने रात्री झोप उडाली, तो म्हणजे गाळ बसण्याचा वेग.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं, ते आठवा. आई कळशीत तुरटी फिरवायची, चार-पाच वेढे, आणि झाकण ठेवायची. आम्ही पोरं झाकण उचलून बघायचो. आधी काही नाही. मग मध्येच कुठे बारीक बारीक पुंजके दिसू लागत. मग ते जड होऊन खाली निघत, आणि वर पाणी निवळत जाई. तुरटी नुसती फिरवायची, ती पाण्याला ढकलत तर नाही. मग ती करते काय? गढूळ पाण्यातल्या मातीच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, आणि एकेकटे इतके हलके असतात की तरंगतच राहतात. तुरटी तो भार मारते. दुरावा गेला की कण एकत्र येतात, आणि एकत्र आले की बुडतात.

तुमच्या लाल पेशींवरही तसाच ऋणभार आहे. एका घन मिलिमीटरमध्ये चाळीस-पन्नास लाख पेशी, आणि सगळ्या एकमेकींना अंतर राखून. निरोगी माणसात म्हणूनच त्या सावकाश बसतात. पण शरीरात कुठे दाह सुरू झाला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं. हेच तुरटीचं काम करतं. पेशींमधला दुरावा ओलांडतं आणि त्यांना एकीवर एक रचतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चक्क मोठ्याने हसले होते. कुणीतरी नाण्यांची चळत लावून ठेवावी तशा पेशी. मारवाड्याच्या गल्ल्यावर असते तशी.

पहिली दहा मिनिटं नळीत काही दिसत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठप्प आहे. आत चळती रचल्या जात असतात. नंतरची चाळीसेक मिनिटं त्या भरभर उतरतात. शेवटची दहा पुन्हा मंद, कारण तळाशी गर्दी होते.

आपण त्या पहिल्या दहा मिनिटांत आहोत असं समजा. काही करू नका. श्वासाकडे लक्ष द्या असं सांगत नाही, ते तुम्ही ऐकून ऐकून कंटाळला असाल. फक्त बाहेरचा एखादा आवाज ऐका. भाजीवाल्याचा, मिक्सरचा, कुठल्या तरी घरातल्या टीव्हीचा.

हा गाळ बसताना पाहणारे पहिले लोक डॉक्टरही नव्हते बहुतेक. काचेच्या भांड्यात रक्त तसंच ठेवलं की थर पडतात, तळाला काळपट, मग लाल, मग पांढुरकी साय, वर पिवळसर पाणी. ग्रीकांनी शरीरात चार रस मानले ते हेच थर पाहून, असा तर्क पुढे एका स्वीडिश डॉक्टरने मांडला. (आपल्या वात-पित्त-कफाशी याचं नातं जोडायचा मोह होतो, तो सोडून देऊ.) त्या डॉक्टरचं नाव रॉबिन फोरेउस. 1918 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये त्याच्या लक्षात आलं की गरोदर बायकांचं रक्त फार लवकर बसतं. त्याला वाटलं, सापडली गर्भ ओळखायची चाचणी! मग आजारी बायकांचंही तसंच बसू लागलं, आणि आजारी पुरुषांचंही. चाचणीचा बेत बारगळला. त्याच्याही आधी, 1897 मध्ये, एडमंड बिएर्नात्स्की या पोलिश डॉक्टरने हे पाहिलं होतं आणि त्याचा फायब्रिनोजेनशी संबंधही लावला होता. 1921 मध्ये आल्फ वेस्टरग्रेनने क्षयाच्या रुग्णांवर काम करून ती नळी आणि तो एक तास पक्का केला. आपल्याकडेही क्षयाच्या रुग्णाचा ईएसआर पुनःपुन्हा पाहायची पद्धत कित्येक दशकं होती. जुन्या माणसांच्या तोंडी म्हणून हे नाव अजून आहे. "ईएसआर उतरला का हो ताई?" असं खिडकीतून विचारायची माणसं, हातात घामाने मऊ झालेली चिठ्ठी घेऊन.

फोरेउसची ती फजिती मला फार मोलाची वाटते. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि हाती अशी गोष्ट लागली जी शंभर प्रश्नांना एकच उत्तर देते. गरोदरपण, क्षय, न्यूमोनिया, संधिवात, ऑपरेशन, नुसतं वाढलेलं वय. सगळ्यांना ती म्हणते, "हो, काहीतरी आहे."

चाळीत राहिला असाल तर हे लगेच समजेल. दूध करपल्याचा वास जिन्यात येतो. येतो म्हणजे नक्की येतो, त्यात खोटं नाही. पण कुणाच्या घरातलं? त्या वासाने ते कळत नाही. प्रत्येक बाई हातातलं टाकून आपापल्या गॅसकडे धावते. आणि ज्या घरात पातेलं खरोखर करपलं तिथे गॅस बंद केल्यावरही वास दुपारपर्यंत रेंगाळतो. ईएसआर तसा आहे. उशिरा चढतो, उशिरा उतरतो. दुखणं बरं होऊन दोन आठवडे झाले तरी आकडा वरच असू शकतो. बरं वाटतंय आणि कागद म्हणतोय वाटत नाही, अशा वेळी आधी या वासाची आठवण करा.

आता अंगठा कोपरावरून काढा आणि बरगड्यांच्या खाली, उजव्या बाजूला हात ठेवा. इथे यकृत आहे. हाताखाली काही लागणार नाही, लागूही नये. फायब्रिनोजेन इथेच बनतं, आणि सीआरपी हे दाहात वाढणारं दुसरं प्रथिनही.

या दुसऱ्या नावातल्या 'सी'चा क जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही, जरी मला लिंबू सरबत पिऊन सीआरपी कमी होईल का असं विचारणारे भेटले आहेत. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूंच्या पेशीभित्तिकेतून काढलेल्या 'सी' नावाच्या एका अंशात त्या रुग्णाचं सिरम टाकलं की साका धरायचा. तोच रुग्ण बरा झाला की धरायचा नाही. प्रतिजैविकं अजून हातात आलेली नव्हती. न्यूमोनियाचा माणूस एक तर आठवड्याभरात घाम येऊन सुटायचा, नाहीतर जायचा. अशा वॉर्डात बसून या दोघांना माणसाच्या रक्तात एक असं काही सापडलं जे फक्त आजारपणात येतं आणि बरं वाटलं की निघून जातं. आलेला पाहुणा चहा न घेता उठून जावा तसं.

याचं घड्याळ ईएसआरपेक्षा पुष्कळ वेगवान. इजा किंवा संसर्ग झाल्यावर सहा तासांत वर यायला लागतं, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं. आणि जायला लागलं की ठरल्या वेगाने जातं, दर एकोणीस तासांनी निम्मं. यकृताने बनवणं थांबवलं असेल तर आज 80, उद्या सकाळी 40 च्या आत, परवा 20 च्या खाली. म्हणून हॉस्पिटलात रोज काढतात, आणि म्हणून डॉक्टर एका आकड्याकडे बघत नाहीत, कालच्याशी ताडून बघतात. पहिल्या दिवशी ताप आल्या आल्या तपासलेला सीआरपी साधा निघू शकतो. पातेलं तापतंय, वास अजून जिन्यात पोचलेला नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या एप्रिलमध्ये, हे नाव घराघरात गेलं. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन. तोवर लॅबच्या बाहेर न गेलेले शब्द पोळीभाजीच्या डब्यासारखे व्हॉट्सॲपवर फिरत होते. एका रात्री ओळखीच्या मुलाचा फोन आला, आवाज फाटलेला. वडिलांचा सीआरपी दोन दिवसांत दहापट झाला होता, 4.8 वरून 48. मी म्हटलं, दोन्ही कागदांचे फोटो पाठव. एका लॅबने आकडा प्रतिडेसिलिटर दिला होता, दुसरीने प्रतिलिटर. दहा डेसिलिटरचा एक लिटर. आकडा होता तिथेच होता, दोन दिवसांत तसूभर हलला नव्हता. मुलगा फोनवरच रडायला लागला. सुटल्याचं रडणं. आनंदाचं म्हणावं तर वडील अजून ऑक्सिजनवरच होते. त्या दोन्ही कागदांवर एककं बारीक अक्षरात, कोपऱ्यात, जिथे कुणी बघत नाही तिथे छापली होती. आकडा एवढा ठळक छापणाऱ्यांना एकक तेवढं ठळक छापायला काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

वीस मिनिटं झाली असतील. नळीत वर पिवळसर पट्टी दिसू लागली असेल. पाठ ताठली असेल तर सैल सोडा. पाणी प्या हवं तर.

'दाह' हा शब्द घेऊ. कानाला तो जाळासारखा लागतो. 'सूज' म्हटलं तर लोक घोटा दाबून बघतात. "इन्फ्लमेशनचे मार्कर वाढलेत" असं ऐकून आलेली माणसं माझ्याकडे पाय पुढे करून विचारायची, "कुठं आहे सूज? दिसत तर नाही." सेल्सस या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची चार लक्षणं सांगितली. लाली, सूज, ऊब, ठणका. विळीने बोट कापलं की दुसऱ्या दिवशी चारही हजर असतात. ते बोट आठवा. धुणं पिळताना किती झोंबलं होतं. पण तो ठणका म्हणजे दुरुस्तीचं काम चालू असल्याचीच खूण होती. रस्ता खणलाय, बोर्ड लावलाय, माणसं कामाला लागली आहेत. दाह हा मुळात आपला शत्रू नव्हे. तो झालाच नाही तर बोट कधी बरंच होणार नाही. काम संपल्यावरही खणत राहणं, किंवा खणायचं कारणच नसताना खणणं, हे दुखणं. आमवातात तेच होतं. शरीर स्वतःच्याच सांध्यांचा रस्ता उकरत बसतं.

इथे मला एक बाई आठवतात. पन्नाशीच्या, भाजीचा गाळा चालवणाऱ्या. सकाळी तास-दीड तास बोटं वळायची नाहीत, बांगड्या चढायच्या नाहीत, जुडी बांधायला सुतळी धरवायची नाही. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे बोरासारखे. ईएसआर साधा, सीआरपी साधा. बरोबर आलेले जावई म्हणाले, "बघा, काही नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे." बाई काही बोलल्या नाहीत. नुसते हात पदराखाली घेतले. ते पदराखाली घेणं मी विसरले नाही. आमवात असूनही हे दोन्ही आकडे साधे असलेली माणसं थोडीथोडकी नसतात. त्यांना हात बघणारा, सांधा दाबून बघणारा, सकाळी किती वेळ आखडतं ते विचारणारा डॉक्टर लागतो. कागदाने ठळक अक्षरात घाबरवलेल्यांशी मी आज बोलते आहे, पण कागदाने नॉर्मल म्हणून खोटं पाडलेल्यांचं दुःख मला जास्त वाटतं.

दोन आकडे एकमेकांशी न पटणं ही तर रोजची गोष्ट. सीआरपी वर आणि ईएसआर खाली, कारण आजार आत्ताच सुरू झालाय. ईएसआर वर आणि सीआरपी खाली, कारण आजार सरलाय. किंवा रक्तात दुसरीच कुठली प्रथिनं वाढली आहेत. ल्युपस नावाच्या आजारातही पुष्कळदा असंच दिसतं. किंवा दाह अजिबात नाही आणि हिमोग्लोबिन कमी आहे. हे शेवटचं कारण सर्वांत साधं आणि आपल्या बायकांत सर्वांत जास्त. लाल पेशी कमी असल्या की त्या चळतींना वाटेत अडवणारं कुणी नसतं, आणि त्या पटापट खाली येतात. माझं हिमोग्लोबिन 10.9 आहे. हा आकडा त्याच कागदावर चार ओळी वर होता. मी, तीस वर्षांची टेक्निशियन, तो वगळून सरळ ईएसआरवर गेले होते, कारण नजर जिथे जास्त भीती तिथे जाते.

आणि वय. एक ढोबळ हिशेब डॉक्टर मंडळी वापरतात. पुरुषाचं वय भागिले दोन, बाईचं वय अधिक दहा भागिले दोन, तिथपर्यंत ईएसआर चालवून घ्यावा. मी चौसष्टची. चौसष्ट आणि दहा चौऱ्याहत्तर, निम्मे सदतीस. कागदावर 0 ते 20 छापलंय ते कुणासाठी? वीस वर्षांच्या नातीलाही तेच, मलाही तेच.

ही कंसातली मर्यादाही जरा डोळ्यांसमोर आणा. बहुतेक तपासण्यांत ती अशी ठरते की शंभर धडधाकट माणसांतली पंचाण्णव आत बसावीत. उरलेली पाच आजारी नसतात. ती बाहेर राहिली, कारण रेघ कुठेतरी ओढावी लागते. आता वाढदिवसाला सवलतीत मिळणारं ते 'फुल बॉडी' पॅकेज घ्या. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर एखादी तरी रेघेबाहेर जाण्याची शक्यता चौसष्ट टक्के निघते. चाळीसच्या वर तपासण्या असतात त्यात. मुलांनी प्रेमाने भेट दिलेलं ते पॅकेज आई-वडिलांना महिनाभर रांगेत उभं करतं. मला ही भेट आवडत नाही. साडी द्या.

त्याच पॅकेजमध्ये हल्ली हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी असतो. तो तोच पदार्थ, फक्त फार बारीक मापाने मोजलेला, हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज घ्यायला. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत कमी धोका, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2003 मध्ये आखलेल्या या पायऱ्या. पण सर्दी झालेली असताना, दाढ ठणकत असताना, गणपतीत नाचून पाय मुरगळलेला असताना हा आकडा काढून उपयोग नाही, कारण तो मग दाढेबद्दल बोलतो, हृदयाबद्दल नाही. दहाच्या वर गेला तर दुसरं कारण शोधायचं, आणि एकावर न थांबता दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. सुटलेलं पोट, तंबाखू, हिरड्यांतून येणारं रक्त यांनीही तो थोडा थोडा वर राहतो. हिरड्यांचं कुणाला सुचत नाही. आज रात्री ब्रश करताना आरशात एकदा बघा.

आता थोडा वेळ मी काही बोलत नाही. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. गेल्या महिन्याभरात शरीरात काय काय झालं ते उलट्या क्रमाने आठवत जा. कालचा दिवस. परवाचा. ताप आला होता का, अगदी कणकण तरी? घसा? लस घेतली? पडलात? सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का? वजन आपोआप उतरलं का, रात्री घामाने उशी ओली होते का? ही शेवटची दोन आठवली आणि उत्तर हो आलं, तर तेवढं बाजूला काढून ठेवा, ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं आहे. बाकीचं सावकाश येऊ द्या. लॅबला यातलं काही माहीत नव्हतं. नळीला तर तुमचं नावही माहीत नव्हतं, तिच्यावर एक पट्टी होती, बारकोडची.

पूर्वी गजर वाजला की मी स्टँडपुढे वाकायचे. डोळा खुणेच्या पातळीला आणावा लागतो, वरून पाहिलं तर चुकतं. पिवळं जिथे संपतं आणि लाल जिथे सुरू होतं ती रेघ. कधी ती सुरीने कापल्यासारखी असते, कधी धुरकट, मग अंदाजाने धरायची. 33 की 34? एखाद्या दिवशी 34 लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं 33 लिहिलं असतं. आता यंत्रं आहेत, तासाऐवजी काही मिनिटांत आकडा छापून देतात, आणि वाकायची गरज राहिलेली नाही. वाकणं मला बरं वाटायचं.

आकडा वहीत लिहिल्यावर नळ्या धुवायला न्यायला कधी उशीर व्हायचा. दुपारी परत आले की रेघ आणखी खाली गेलेली असायची. रक्ताला गजर ऐकू येत नाही. आपण तासाभराने पाहिलं, एवढंच.

झाला तास. कागद सरळ करा. आकडा तोच आहे. आधी त्याच्या शेजारचं एकक वाचा, बारीक असेल, चष्मा लावा. मग हिमोग्लोबिनची ओळ शोधा. मग पेन्सिल घ्या आणि समासात, जे आत्ता आठवलं ते लिहा. माझ्या समासात लिहिलंय: वय 64, हिमोग्लोबिन कमी, सीआरपी 2.1, दहा दिवसांपूर्वी खोकला, सहा आठवड्यांनी पुन्हा.

आणि डॉक्टरांकडे जाताना मागच्या वर्षीचा रिपोर्टही न्या. तो हरवलेला नाही. कपाटाच्या खालच्या खणात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली बघा.